'हाय नून' : बाराची गाडी, बंद दारे आणि गॅरी कूपर

टळटळीत (धागाकर्ता)

वेस्टर्न म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना 'मॅकेनाज गोल्ड' आठवतो, नाही तर पोंचो पांघरलेला क्लिंट ईस्टवुड. फ्रेड झिनेमान यांचा १९५२ सालचा 'हाय नून' त्या मानाने मागे राहतो, कारण वेस्टर्नकडून जे अपेक्षित असते त्यातले फारसे काही त्यात नाही. दऱ्याखोरी नाहीत, घोड्यांचा पाठलाग नाही, टोळ्यांचे हल्ले नाहीत. गोळीबार आहे तो अगदी शेवटी. उरलेला सारा वेळ एक उतारवयाकडे झुकलेला माणूस उन्हात एका दारातून दुसऱ्या दाराशी जातो, माणसे मागतो आणि नकार घेऊन परत रस्त्यावर येतो. गेल्या महिन्यात मी तो चौथ्यांदा पाहिला आणि या खेपेस वही घेऊन बसलो, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. हॅडलीव्हिल नावाच्या लहान गावाचा मार्शल विल केन (गॅरी कूपर) रविवारी सकाळी लग्न करतो, बिल्ला उतरवून ठेवतो आणि नव्या बायकोबरोबर गाव सोडायच्या बेतात असतो. तेवढ्यात तार येते. पाच वर्षांपूर्वी केनने ज्याला पकडले, ज्याला फाशी व्हायची ती जन्मठेपेवर आली, त्या फ्रँक मिलरला माफी मिळाली असून तो बाराच्या गाडीने येतो आहे. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर त्याची वाट पाहत बसलेले आहेत. गावकरी केनला घाईघाईने घोडागाडीत बसवून वाटेला लावतात. थोड्या अंतरावर जाऊन तो गाडी थांबवतो आणि मागे वळवतो. नवा मार्शल दुसऱ्या दिवशी येणार असतो. मधला एक दिवस कोणाचाच नाही, आणि चित्रपट त्या दिवसातल्या सव्वा-दीड तासाचा आहे. चित्रपटाची लांबी ८५ मिनिटे आणि कथेतला वेळही साधारण तेवढाच.

झिनेमान यांनी दृश्यांची मांडणी तीन गोष्टींवर उभी केली. एक, क्षितिजापर्यंत सरळ गेलेले आणि मुळीच न हलणारे रूळ, ज्यांवरून संकट येणार आहे. दुसरी, काळ्या कोटातली सतत चालणारी आकृती. आणि तिसरी, घड्याळे, जी कथा पुढे सरकते तशी पडद्यावर मोठी होत जातात. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी यांच्यापुढे नमुना होता तो मॅथ्यू ब्रेडी यांच्या अमेरिकी यादवीच्या काळातल्या छायाचित्रांचा. तेव्हाच्या वेस्टर्नमध्ये फिल्टर लावून आकाश गडद करायचे आणि त्यात कापसासारखे ढग दाखवायचे अशी रीत होती. क्रॉस्बींनी फिल्टर काढून टाकले. त्यामुळे या चित्रपटातले आकाश पांढरे, कोरडे, जवळजवळ रिकामे दिसते, आणि चेहऱ्यावरचा घाम व सुरकुती जशीच्या तशी दिसते.

माझ्या वहीतला मोठा भाग मात्र नकारांचा आहे. केन किती जणांकडे जातो आणि कोण काय कारण सांगतो, हे मी लिहीत गेलो. न्यायाधीश, ज्यांनी मिलरला शिक्षा ठोठावली, ते भिंतीवरचा झेंडा काढून घडी घालतात, न्यायाचा तराजू पिशवीत टाकतात आणि सामान बांधता बांधता केनला प्राचीन अथेन्सचा दाखला देतात, की तिथल्या नागरिकांनीही हद्दपार केलेल्या जुलमी माणसाला वेशीचे दार उघडून दिले होते. दाखला चपखल आहे आणि देणारा पळून चालला आहे. सॅम फुलर नावाचा मित्र घरात असून बायकोला दाराशी पाठवतो आणि तो देवळात गेला आहे असे सांगायला लावतो. तुम्हाला सोडून गेला का, असे केन तिला विचारतो. त्या बाईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येते ते पाहण्यासारखे आहे. खोटे तिला बोलावे लागले आणि लाजही तिलाच वाटते आहे. म्हातारा निवृत्त मार्शल, ज्याने केनला या पेशात आणले, तो संधिवाताने वाकडी झालेली बोटे पुढे करतो. आपण सोबतीला आलो तर तू माझ्याच काळजीत मारला जाशील, असे तो म्हणतो, आणि ते खरेच आहे.

फुलरचा सोडला तर एकही नकार सरळसोट खोटा नाही, हे मला या वेळी प्रथम जाणवले. चर्चमधला प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. केन आत येतो, प्रार्थना थांबते, मुलांना बाहेर खेळायला पाठवतात आणि रीतसर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, आम्ही कर भरतो ते कशासाठी. कोणी म्हणतो, मिलरला सोडले वरच्या राजकारण्यांनी, मग निस्तरायचे आम्ही का. एक बाई उठून सगळ्यांना खडसावते आणि क्षणभर वाटते की पारडे फिरले. मग थॉमस मिचेलने उभा केलेला मेयर बोलायला लागतो. तो आधी केनची भरभरून स्तुती करतो, या गावावर त्याचे किती उपकार आहेत ते सांगतो, आणि त्याच सुरात, आवाज न चढवता, उत्तरेकडचे लोक इथे पैसा गुंतवायचा विचार करत असताना रस्त्यावर मुडदे पडले तर गावाचे काय होईल, तेव्हा त्याने निघून जाणेच बरे, या निष्कर्षावर येऊन खाली बसतो. कॅमेरा केनवर येतो. कूपर काहीही करत नाही. तो फक्त ऐकत असतो, आणि ऐकता ऐकता त्याला कळते. मी तो प्रसंग त्या रात्री तीनदा मागे नेऊन पाहिला आणि नेमके काय बदलते ते मला अजूनही बोट ठेवून सांगता येणार नाही.

जाणकारांनी भर घालावी.

पारावरचा

लेख आवडला, परंतु मी या चित्रपटाच्या भक्तांपैकी नाही, तेव्हा विरोधी बाजू मांडतो. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांचा आक्षेप मला पटतो. त्यांचे म्हणणे असे की चांगला मार्शल डोके उडवलेल्या कोंबडीसारखा गावभर धावत मदत मागत फिरणार नाही. हे काम त्याचे आहे, त्याचा त्याला पगार मिळतो, आणि ज्यांना बंदूक धरता येत नाही अशा लोकांना त्यात ओढणे हा धंद्यातला कच्चेपणा आहे. या रागापोटी त्यांनी जॉन वेनला घेऊन १९५९ साली 'रिओ ब्राव्हो' काढला, ज्यातला शेरीफ मदत नाकारतो आणि तरी त्याला ती मिळत राहते. गंमत म्हणजे दोन्ही चित्रपटांचे संगीतकार एकच, दिमित्री त्योमकिन.

आपल्याकडे 'गाव करी ते राव न करी' म्हणतात. गाव काही करत नसेल तर त्यात रावाचाही थोडा दोष असतो. केनने पाच वर्षांत गावात माणसे जोडली नाहीत का? चर्चमध्ये तो फारसा जात नाही, लग्नही तिथे केले नाही, आणि पाद्री ते त्याला तोंडावर ऐकवतो. हॉटेलचा कारकून तर सांगूनच टाकतो की मिलरच्या काळात धंदा बरा चालायचा.

सांजवात

पारावरचा, कारकुनाचा मुद्दा तुमच्याविरुद्ध जातो, असे मला वाटते. केनने गाव स्वच्छ केले म्हणूनच काहींचा धंदा बसला. दारूच्या गुत्त्यात मिलर येण्याच्या आनंदात बसलेली माणसे आहेत, ती चित्रपट लपवत नाही. चांगल्या कारभाराचेही नुकसान सोसणारे लोक असतात, आणि ते वाट पाहत असतात.

धागाकर्त्यांनी दोन बायकांविषयी एक ओळही लिहिली नाही, याचे मात्र आश्चर्य वाटले. माझ्या मते या गावातली सर्वांत शहाणी व्यक्ती म्हणजे हेलन रामिरेझ. मेक्सिकन अभिनेत्री केटी हुराडो हिने ही भूमिका केली आणि तिला त्यासाठी सहायक अभिनेत्रीचे गोल्डन ग्लोब मिळाले. हेलन ही आधी मिलरची, मग केनची आणि आता उपमार्शल हार्वीची सोबतीण. गावातल्या दुकानात तिचा पैसा आहे, परंतु तिचा भागीदार असलेला सभ्य गृहस्थ तिच्याकडे मागच्या जिन्याने येतो, आणि ते न बोलता दाखवलेले आहे. केन मेला की हे गाव मेले, हे ती ओळखते आणि दुकान विकून मोकळी होते. मेक्सिकन बाई म्हणून या गावात काय भोगले ते ती एका वाक्यात उरकते. १९५२ सालच्या वेस्टर्नमध्ये गोऱ्या नायिकेला असे खडे बोल सुनावणारी मेक्सिकन स्त्री दाखवणे ही साधी गोष्ट नव्हती.

ग्रेस केलीची एमी पहिल्यांदा पाहताना नुसती हट्टी वाटते. ती क्वेकर, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाची आहे. वडील आणि भाऊ गोळ्यांना बळी पडल्यावर तिने तो पंथ धरला. नवरा थांबणार असेल तर मी बाराच्या गाडीने जाणार, असे ती सांगते. म्हणजे ज्या गाडीने मिलर येणार, त्याच गाडीने ती जाणार. दोघी एकाच घोडागाडीत बसून स्टेशनकडे निघतात आणि रस्त्यात उभा असलेला केन त्यांना जाताना पाहतो. त्या दृश्यात कोणी काही बोलत नाही. पुढे पहिली गोळी ऐकून डब्यातून उतरून धावत येते ती एमी, आणि मिलरच्या एका साथीदाराला खिडकीआडून, पाठीत गोळी घालून मारते तीही एमीच. सगळ्या गावातून केनच्या बाजूने एकच गोळी सुटली आणि ती हिंसा न मानणाऱ्या बाईची. यावर विजयाचा आनंद चित्रपट दाखवत नाही. तिचा चेहरा पाहावा, ती काहीतरी कायमचे गमावल्यासारखी खाली वाकते.

टळटळीत

सांजवात, चूक मान्य. हेलनविषयी लिहिलेले पान वहीत आहे, लेख लांबतो म्हणून वगळले, ते वगळायला नको होते.

पारावरचा, हॉक्स यांच्या आक्षेपाचे उत्तर मला कूपरच्या शरीरात सापडते. पटकथेत नव्हे, शरीरात. हॉक्स म्हणतात तसा आत्मविश्वासू मार्शल इथे नाहीच. इथे भ्यालेला माणूस आहे, आणि भ्यालेला असून थांबलेला आहे. एका ठिकाणी तो टेबलावर डोके टेकवतो, आणि एक मुलगा आत आलेला दिसताच सावरून बसतो. तबेल्यात हार्वी त्याला घोड्यावर चढवून पळवून लावायला पाहतो, तेव्हा त्याच्या मनात पळून जायचा विचार येऊन गेला होता, हेही तो नाकारत नाही.

कूपरचा जन्म ७ मे १९०१ रोजी मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी झाला. आईवडील इंग्लंडहून आलेले. वडील पुढे मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयावर न्यायाधीश झाले. मुलाला काही वर्षे शिकायला इंग्लंडला पाठवले होते, म्हणजे पडद्यावरचा हा अस्सल पश्चिमी गडी डन्स्टेबलच्या शाळेत लॅटिन शिकलेला होता. कोवळ्या वयात मोटारीच्या अपघातात त्याचे कंबरेचे हाड दुखावले, उपचार म्हणून घोडेस्वारी सांगितली गेली, आणि त्यातून त्याची ती किंचित ताठर, तिरकी बसण्याची ढब आली. १९२५ च्या सुमारास तो हॉलिवुडमध्ये घोड्यावरून पडण्याचे पैसे घेणारा स्टंटचा स्वार होता. १९२९ च्या 'द व्हर्जिनियन'ने तो बोलपटाचा नट म्हणून स्थिरावला आणि 'सार्जंट यॉर्क'साठी त्याला पहिले ऑस्कर मिळाले.

'हाय नून'चे चित्रीकरण १९५१ च्या शरदात झाले तेव्हा तो पन्नाशीत होता आणि गेल्या काही वर्षांतले चित्रपट फारसे चाललेले नव्हते. पोटात अल्सर, कंबर व पाठ दुखरी. मानधनही त्याने नेहमीपेक्षा कमी घेतले आणि नफ्यात वाटा ठेवला. झिनेमान यांनी त्याला मेकअप जवळजवळ लावूच दिला नाही. पडद्यावर जी वेदना दिसते ती कुठे अभिनयाची आणि कुठे अल्सरची हे वेगळे करता येत नाही, आणि करू नये. ग्रेस केली त्या वेळी एकवीस वर्षांची, म्हणजे नवरा-बायकोत अठ्ठावीस वर्षांचे अंतर. ते अंतर मला दर वेळी खटकते. परंतु तरुण नट घेतला असता तर हॉक्स यांचे म्हणणे खरे ठरले असते, कारण तरुणाने मदत मागितली की ती घाबरगुंडी वाटते. थकलेल्या माणसाने मागितली की ती हिशेबाची गोष्ट होते. समोर चार आहेत, मी एक आहे.

आणखी एक. हार्वीशी मारामारी झाल्यावर केन तोंड धुवायला न्हाव्याच्या दुकानात जातो. मागच्या बाजूने हातोड्याचा ठोका ऐकू येत असतो. तो काय आहे असे केन विचारतो, न्हावी गडबडतो आणि आत जाऊन काम थांबवायला सांगतो. न्हावीच तिथे शवपेट्यांचाही धंदा बघतो आणि आगाऊ पेट्या तयार होत आहेत. केन पैसे देतो, आणि मी गेलो की काम सुरू करायला हरकत नाही असे म्हणून बाहेर पडतो. कूपर ते वाक्य टोमणा म्हणून टाकत नाही. खरोखर परवानगी दिल्यासारखे बोलतो.

तिकीटबारी

या चित्रपटाची पडद्यामागची कथा आल्याशिवाय धागा अपुरा राहील. पटकथालेखक कार्ल फोरमन काही वर्षांपूर्वी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. चित्रीकरण चालू असतानाच, सप्टेंबर १९५१ मध्ये, त्यांना अमेरिकी संसदेच्या, कम्युनिस्टांना शोधून काढणाऱ्या त्या कुप्रसिद्ध चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. आपण आता सभासद नाही असे त्यांनी सांगितले, पण इतरांची नावे द्यायला नकार दिला. नावे न देणाऱ्याला हॉलिवुडमध्ये काम मिळत नसे. निर्माते स्टॅन्ली क्रेमर हे त्यांचे मित्र आणि भागीदार. त्यांनीही हात झटकले आणि फोरमन यांचे सहनिर्माता म्हणून असलेले नाव गेले. फोरमन पुढे सांगत असत की समन्स आल्यावर ओळखीची माणसे रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागली आणि मग पटकथेतले संवाद त्यांना आपोआप सुचत गेले. तेव्हा दारामागे लपलेला सॅम फुलर हॅडलीव्हिलमध्ये जन्मला असे म्हणता येत नाही.

फोरमन इंग्लंडला गेले. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'ची पटकथा त्यांनी आणि मायकेल विल्सन यांनी लिहिली, पण दोघेही काळ्या यादीत असल्याने पडद्यावर नाव आले ते मूळ कादंबरीकार पिएर बूल यांचे, आणि ऑस्करही त्यांनाच मिळाले. दोघांच्या वाट्याचे श्रेय त्यांच्या मृत्यूनंतर परत केले गेले.

आता धागाकर्त्यांच्या पहिल्या ओळीकडे येतो. आपल्याकडे ज्याला लोकांनी डोक्यावर घेतले तो 'मॅकेनाज गोल्ड' (१९६९) लिहिणारे कार्ल फोरमनच, आणि त्याचे निर्माते फोरमन व त्योमकिन. 'द गन्स ऑफ नॅव्हरोन'ची पटकथाही फोरमन यांची आणि संगीत त्योमकिन यांचे. या दोन्हींचा नायक ग्रेगरी पेक, ज्याला 'हाय नून' आधी देऊ केला होता. आपल्या आधीच्या 'द गनफायटर'सारखेच हे आहे म्हणून त्याने तो सोडला आणि त्याची चुटपुट त्याला राहिली. म्हणजे 'हाय नून' न पाहिलेल्या आपल्या दोन पिढ्या त्याच माणसांच्या हातचे जेवून मोठ्या झाल्या आहेत. फक्त पहिले ताट त्यांच्यासमोर आले नाही.

पारावरचा

तिकीटबारी, ही माहिती मला नव्हती. पण मग एक प्रश्न पडतो. कूपर तर हॉलिवुडच्या कट्टर कम्युनिस्टविरोधी संघटनेचा आरंभापासूनचा सभासद होता ना? त्याला आपण काय करतो आहोत ते कळत नव्हते का?

तिकीटबारी

कळत होते, असेच दिसते. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये तो त्याच समितीपुढे स्वखुशीचा साक्षीदार म्हणून गेला होता. कम्युनिझम आपल्याला सरळ व्यवहाराचा वाटत नाही म्हणून आवडत नाही, असे काहीसे अघळपघळ बोलला, काही पटकथा आपण नाकारल्या असेही म्हणाला, पण एकाही माणसाचे नाव त्याने घेतले नाही. चार वर्षांनी फोरमन अडचणीत आले तेव्हा त्याने त्यांची बाजू घेतली आणि त्यांच्या नव्या कंपनीत भागीदार व्हायची तयारीही जाहीर केली. मग दबाव आला, स्टुडिओकडून, वृत्तपत्रांतल्या स्तंभलेखिकेकडून, जॉन वेनसारख्या मित्रांकडून, आणि काही दिवसांतच त्याने माघार घेतली. फोरमन यांनी त्याला त्याबद्दल दोष दिला नाही. शक्य होते तेवढे त्याने केले असे ते म्हणत. पण पडद्यावर जो माणूस बाराच्या ठोक्याला रस्त्यावर एकटा उभा राहिला, तो नट पडद्याबाहेर उत्तरेच्या पैशाचा मुद्दा काढणाऱ्या मेयरपुढे शेवटी नमला, असेच म्हणावे लागते. मला यामुळे त्याचा राग येत नाही. उलट चर्चमधला तो चेहरा अधिक कळतो.

लोकोशेड

माझा सिनेमाचा अभ्यास नाही. मध्य रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून सुरुवात केली आणि विजेच्या गाड्यांवर निवृत्त झालो, म्हणून गाडीपुरते लिहितो.

चित्रपटातले इंजिन म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सिएरा रेल्वेचे तीन नंबर, १८९१ साली न्यू जर्सीत बांधलेले. ते अजून जेम्सटाउनच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवले आहे आणि कितीतरी चित्रपटांत दिसलेले आहे. गाडी दुरून येतानाचे चित्र घ्यायला झिनेमान आणि क्रॉस्बी कॅमेरा रुळांमध्ये ठेवून स्वतः पालथे पडले होते. आधी पांढरी वाफ दिसली, मग भकाभक काळा धूर सुटला आणि दोघांना ते दृश्य फार सुंदर वाटले. ब्रेक लागत नाहीत हे ड्रायव्हर त्या धुराने कळवतो आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती. अगदी शेवटच्या क्षणी ते बाजूला झाले. कॅमेऱ्याची तिवई रुळात अडकली आणि कॅमेऱ्याचा चक्काचूर झाला. आतली फिल्म तेवढी वाचली.

हे वाचून मी तेवढाच तुकडा पुन्हा लावून पाहिला. आमच्याकडे ब्रेकची अडचण गार्डाला शिट्टीने कळवत, त्यामुळे धुराचा इशारा मलाही नवा. पण काळा धूर पाहिला की आमच्या पिढीचा हात आजही नकळत पुढे होतो, कारण इंधन नीट जळत नाही म्हणून वरिष्ठांची बोलणी खायची वेळ तीच. पडद्यावर येणारी ती गाडी इतकी अंगावर येते ती उगाच नव्हे. ती खरोखरच थांबत नव्हती.

रिकामी खुर्ची

बाराच्या ठोक्याच्या संकलनाविषयी कोणीच कसे लिहिले नाही? चित्रपटाला सात नामांकने आणि चार ऑस्कर मिळाली : कूपर, संगीत, गीत आणि संकलन. केन मृत्युपत्र लिहायला बसतो, लंबक हलतो, आणि लंबकाच्या ठेक्यावर एकेक चेहरा येत जातो. चर्चमधली माणसे, गुत्त्यातली माणसे, रूळ, स्टेशनवरचे तिघे, हेलन, एमी. आतापर्यंत ज्यांनी नकार दिला ते सगळे पुन्हा एकदा दिसतात आणि प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा जवळचे. शेवटी कॅमेरा न्यायालयातल्या रिकाम्या खुर्चीकडे सरकतो, ज्या खुर्चीत बसून मिलरने केनला मारण्याची शपथ घेतली होती, आणि शिट्टी वाजते. मिलर अजून पडद्यावर आलेलाही नसतो. माझे टोपणनाव तिथूनच घेतले आहे.

'शोले'चा विषय कोणीतरी काढेलच, म्हणून एवढेच नोंदवतो की स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या तीन बंदूकधाऱ्यांना सर्जिओ लिओने यांनी 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या आरंभी उघड सलामी दिली आहे. त्या तिघांतला जॅक एलम 'हाय नून'मध्ये कोठडीत झोपलेला दारुड्या आहे, ज्याला केन लढाईपूर्वी सोडून देतो. आणि 'हाय नून'मधले पहिलेच चित्र ज्याच्या चेहऱ्याचे आहे तो ली व्हॅन क्लीफ; हा त्याचा पहिला चित्रपट, त्यात त्याला एकही वाक्य नाही, आणि पुढे त्याला मोठा केला तो लिओने यांनीच.

सांजवात

माझ्या आजोळी, कोकणात, भर बाराला पिंपळाखालून जाऊ देत नसत. रात्रीची भीती सगळ्यांनाच असते, पण टळटळीत दुपारची भीती वेगळी. लपायला सावलीसुद्धा पायाखाली आलेली असते. कॅमेरा हळूहळू उंच जातो आणि ओस पडलेल्या रस्त्यात केन एकटा, लहान होत जातो, त्या दृश्यात मला दर वेळी ती दुपार आठवते.

जाता जाता, पोलंडमध्ये ४ जून १९८९ च्या निवडणुकीसाठी सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेने जे भित्तिपत्रक लावले त्यावर हाच चालत येणारा कूपर होता. टोमाश सारनेत्स्की नावाच्या तरुण चित्रकाराने ते केले. छातीवर बिल्ल्याच्या वर सॉलिडॅरिटीचे चिन्ह, हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका, आणि खाली चित्रपटाचे पोलिश नाव. त्या निवडणुकीअंती सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीला मिळाल्या. कम्युनिस्टधार्जिणा म्हणून ज्याच्यावर आळ आला तो चित्रपट कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध भिंतीवर चढला.

टळटळीत

सर्वांचे आभार, वहीत आता माझ्यापेक्षा तुमच्या नोंदी जास्त झाल्या आहेत.

पारावरचा यांनी जॉन वेनचे नाव काढले, म्हणून एक शेवटची नोंद. १९५३ साली कूपर समारंभाला नव्हता आणि त्याचे ऑस्कर त्याच्या वतीने घेतले वेननेच. ही भूमिका कूपरऐवजी आपल्याला का मिळाली नाही हे आता आपल्या व्यवस्थापकाला विचारतो, असे तो व्यासपीठावरून म्हणाला आणि लोक हसले. १९७१ च्या 'प्लेबॉय'मधल्या मुलाखतीत मात्र त्याने याच चित्रपटाला आपण पाहिलेली सर्वांत अमेरिकाविरोधी गोष्ट म्हटले. फोरमन यांना देशाबाहेर घालवण्यात आपला हात होता याचा आपल्याला कधीही पश्चात्ताप होणार नाही, असेही सांगितले. आणि शेवटी कूपर मार्शलचा बिल्ला पायाखाली घालून तुडवतो, याचा त्याला विशेष संताप होता.

काल रात्री मी फक्त ते अखेरचे मिनिट लावले. दारे उघडतात, लोक चहूकडून जमतात, कोणी काही बोलत नाही. तो मुलगा घोडागाडी आणून उभी करतो. केन एमीला हात देऊन वर बसवतो, गर्दीवर एक नजर फिरवतो, छातीवरचा बिल्ला काढतो आणि धुळीत टाकतो. पाय त्यावर पडत नाही. तो खाली पाहतसुद्धा नाही.